कागदी विमानांचा तास

गुरुजी फळ्याकडे वळले की मागच्या बाकावरून एखादे कागदी विमान सुळकन येते आणि नेमके टेबलावर उतरते. मग ते कोणी सोडले याची चौकशी होते, सोडणाऱ्याचे कान लाल होतात आणि विमान केराच्या टोपलीत जाते. कागदी विमानाचे आयुष्य बहुधा असे अल्प असते. परंतु तेच विमान टोपलीतून काढून अंगणात नेले आणि त्याच्याभोवती चार-पाच वर्षांची वीस मुले बसवली, तर एका उत्तम तासाची सामग्री तयार होते. असा तास कसा घ्यावा, हे या पाठात सांगावयाचे आहे. आणि मुलांनो, तो गुरुजींनी किंवा बाईंनी नव्हे, तर तुम्ही घ्यावयाचा आहे.

"आम्हीच अजून शिकतो आहोत, आम्ही दुसऱ्याला काय शिकवणार?" असे तुम्ही म्हणाल. पण बीड जिल्ह्यातील थोरल्या मुलांना धाकट्यांना सांभाळण्याचे काम नवे नाही. दसरा-दिवाळी आटोपली की बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातील कितीतरी गावांतून ऊसतोडणीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायकोच्या जोडीला त्या धंद्यात एक 'कोयता' म्हणतात. भांडीकुंडी, अंथरुणे, जळण असा सारा संसार गाडीत भरला जातो आणि कोयता सांगली-कोल्हापूरकडे किंवा कर्नाटकाकडे चालू लागतो. तो परततो कारखान्याचा हंगाम संपल्यावर, बहुधा पाडव्याच्या आगेमागे. काही मुले आईबापांबरोबर फडावर जातात. काही आजी-आजोबांजवळ, तर काही हंगामी वसतिगृहात राहतात. मागे राहिलेल्या घरात आठ-दहा वर्षांची बहीण ही चार वर्षांच्या भावाची अर्धी आई होऊन बसते. अशा गावी अंगणवाडीतील किंवा पहिलीतील मुलांसाठी सातवीच्या मुलामुलींनी एक तास खेळ घ्यावा, ही करमणूक खरी. परंतु ती केवळ करमणूक नव्हे.

लहान मुलांच्या शिक्षणास महागडी साधने लागतात, ही समजूत आपल्या महाराष्ट्रात फार पूर्वीच खोटी ठरली आहे. ताराबाई मोडक यांनी 1945 साली समुद्रकाठच्या बोर्डी या गावी खेड्यातील बालकांच्या शिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि पुढे हे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर वाढले. शंख, शिंपले, खडे, बिया, पाने ही त्यांची साधने. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच मुलांच्या अंगणात न्यावी, असा त्यांचा विचार होता. आज जिला आपण अंगणवाडी म्हणतो, तिच्या कल्पनेचा उगम या कामात आहे. अलीकडच्या काळात पुण्याच्या 'आयुका' या संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून शेकडो खेळणी करून दाखवली. कागदी विमान हे याच कुळातील खेळणे होय. त्याला लागतो एक कागद आणि दहा बोटे.

तास घेण्यापूर्वी विमान उडते कसे, हे आपल्याला नीट समजले पाहिजे. एकाच वहीची दोन पाने घ्या. एकाचा चुरगाळून गोळा करा, दुसरे सपाट ठेवा आणि दोन्ही एकाच उंचीवरून सोडा. गोळा सरळ खाली येतो. सपाट पान डुलत, घसरत, उशिरा येते. दोन्ही पानांचे वजन सारखेच आहे. मग फरक कशामुळे पडला? हवेमुळे. हवा दिसत नाही, पण ती रिकामी जागा नव्हे. सपाट पानाला खाली येताना आपल्या मार्गातील पुष्कळ हवा बाजूला सारावी लागते. ही हवाच त्याला अडवते.

हवा अडवते, तशी ती उचलूनही धरते. बालाघाटाच्या डोंगरावर घिरट्या घालणारी घार पाहा. ती पंख पसरून, ते न हलवता कितीतरी वेळ तरंगते. पुढे जाणारा पंख किंचित तिरपा असला म्हणजे तो हवेला खाली लोटतो आणि हवा त्याला उलट वर लोटते. क्रियेला तेवढीच प्रतिक्रिया असते, हा न्यूटनचा नियम येथे काम करतो. मात्र घारीला आणखी एक मदत मिळते. उन्हाने तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या उष्ण हवेत शिरून ती उंच जाते. कागदी विमानाला असा आधार क्वचितच मिळतो. त्याला यंत्रही नाही. हाताने दिलेला वेग हीच त्याची शिदोरी. ती सरली की ते हळूहळू खाली उतरत पुढे जाते. म्हणजे कागदी विमान पडतच असते. पण ते सावकाश आणि दूरवर पडते, यातच त्याचे कौशल्य आहे.

हे कौशल्य मोजताही येते. तुम्ही दीड मीटर उंचीवरून विमान सोडले आणि ते सहा मीटर दूर जाऊन टेकले, तर प्रत्येक मीटर खाली येताना ते चार मीटर पुढे गेले, असा हिशेब झाला. एका मित्राचे विमान तीन मीटर जाते आणि दुसऱ्याचे सहा मीटर, याचे कारण शोधणे हाच या खेळातील खरा अभ्यास होय.

आता विमानाची घडी पाहू. पाठपोट लिहून झालेल्या वहीची पाने किंवा दिनदर्शिकेचे उलटून गेलेले पान कापून घेतले तरी चालते. वर्तमानपत्राचा कागद मात्र लुळा असतो. त्याची घडी बसत नाही. छापखान्यात वापरतात तो ए-चार मापाचा कागद मिळाल्यास उत्तम. तो 21 सेंटिमीटर रुंद व 29.7 सेंटिमीटर लांब असतो. नेहमीच्या जाडीच्या अशा एका कागदाचे वजन सुमारे पाच ग्रॅम भरते. एवढ्याशा वजनाची मांडणी बदलूनच आपल्याला त्यास उडायला शिकवायचे आहे.

कागद उभा ठेवून त्याची लांबीच्या दिशेने मधोमध घडी घाला व पुन्हा उघडा. मध्ये एक रेषा उमटेल. वरचे दोन्ही कोपरे या रेषेपर्यंत आणून दाबा; घराचे छप्पर तयार होईल. छपराच्या दोन्ही तिरप्या कडा पुन्हा मधल्या रेषेला मिळवा. आता पुढे निमुळती चोच दिसेल. ही चोच बोटभर आत दुमडून बोथट करा. ही घडी विसरू नका, कारण टोकदार चोच डोळ्याला इजा करू शकते. मग सर्व घड्या आत राहतील अशा रीतीने कागद मधल्या रेषेवर मिटा आणि दोन्ही बाजूंच्या कडा खाली वळवून पंख काढा. पंख उघडले की विमान सज्ज झाले. पुढच्या भागात कागदाचे अनेक पदर एकत्र आले आहेत, हे लक्षात घ्या. त्यामुळे विमानाचे वजन पुढच्या बाजूला सरकते आणि ते कोलांट्या न खाता सरळ जाते.

हे विमान तुम्ही स्वतः निदान दहा वेळा करा. ज्याला स्वतःला घडी पाठ नाही, तो दुसऱ्याच्या हाताकडे शांतपणे पाहू शकत नाही.

आता प्रत्यक्ष तासाकडे वळू. वीस मुले असतील तर तुम्ही चार-पाच जण असावे, म्हणजे एकेकाकडे चार-पाच मुले येतील. सकाळची वेळ धरावी. तेव्हा वारा बहुधा कमी असतो. वारा असेल तर शाळेचा व्हरांडा किंवा एखादी मोठी खोली बरी. मुलांना अर्धवर्तुळात बसवा आणि प्रत्येकापुढे जुनी पाटी ठेवा. जमिनीवरच्या सतरंजीवर घडी नीट दाबता येत नाही. पाटीवर ती छान बसते. अंगणवाडीताई जवळ असाव्यात, पण बोलण्याचे काम तुम्ही करावे.

प्रारंभी भाषण करू नका. एक विमान काढा आणि मुलांच्या डोक्यांवरून हलकेच सोडा. वीस माना एकदम वळतील. हीच तुमची प्रस्तावना. नंतर गोळा आणि सपाट पान यांचा प्रयोग दाखवा, पण आधी विचारा, "यातले कोण आधी खाली येईल?" उत्तर चुकले तरी हसू नका. मुलांनी अंदाज बांधला, एवढे पुरे.

घड्या शिकवताना एका वेळी एकच घडी सांगा. सर्वांची झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. 'मध्यबिंदू', 'समांतर' हे शब्द तुमच्या वहीत शोभतात. चार वर्षांच्या मुलाला ते कळत नाहीत. त्याला सांगावे, "पुस्तक मिटतो तसा कागद मिटू. आता नखाने इस्त्री करू. आता घराला छप्पर घालू. आता पाखराला चोच काढू." मूल हसते आणि त्याचे बोट आपोआप योग्य जागी जाते.

येथे एक नियम कटाक्षाने पाळावा. मुलाच्या हातातील कागद काढून घेऊ नये. त्याची घडी वाकडी होत असता आपला हात शिवशिवतो. "दे इकडे, मी करून देतो," असे म्हणून आपण क्षणात सुरेख विमान करतो आणि मुलाच्या हाती ठेवतो. पण ते विमान त्याचे नसते. ते उडाले तरी तो आनंद उसना असतो, आणि आपल्याला काही जमत नाही, एवढेच त्यातून तो शिकतो. म्हणून दुसरा कागद घ्या, त्याच्या शेजारी बसा आणि आपल्या कागदावर तीच घडी सावकाश घाला. तो पाहील व करील. वाकडी झाली, तर वाकडी उडू द्या.

विमाने तयार झाली की पंखांवर खूण करू द्या. ज्यांना नाव लिहिता येत नाही, त्यांनी सूर्य, आंबा, शेळी असे काही काढावे. त्यामुळे विमाने ओळखू येतात आणि भांडणे टळतात.

उडवण्यासाठी जमिनीवर खडूने किंवा रांगोळीने एक रेघ ओढा. सर्व मुले रेघेच्या एकाच बाजूला, हातभर अंतर ठेवून उभी राहतील. "एक, दोन, तीन" म्हटल्यावर सर्वांनी एकदम विमाने सोडायची. शेवटचे विमान जमिनीला टेकेपर्यंत कोणी रेघ ओलांडायची नाही. मग सर्वांनी मिळून ती उचलून आणायची. हा शिस्तीचा भाग आहे आणि डोळ्यांच्या रक्षणाचाही. लहान मुले विमान दगडासारखे जोराने भिरकावतात. त्यांना सांगा, "ढकलू नको, हळूच सोड, पाखराला सोडतो तसे."

पहिल्याच फेरीत कोणाचे विमान नाकावर आपटेल, कोणाचे वर चढून मागे पडेल, कोणाचे वळून बाजूला जाईल. कोणी रडवेलेही होईल. येथे तुमचे ज्ञान कामी येते. विमान सारखे नाकावर पडत असेल, तर पंखांच्या मागच्या कडा किंचित वर वळवाव्यात. ते आधी वर चढून मग गचकन पडत असेल, तर त्याच कडा थोड्या खाली कराव्यात किंवा चोचीला कागद अडकवण्याची पिन लावून पुढचे वजन वाढवावे. डावीकडे वळत असेल, तर दोन्ही पंख सारखे आहेत का ते पाहावे आणि उजव्या पंखाची मागची कड जराशी वर करावी. उजवीकडे वळत असेल, तर याच्या उलट. पंख अगदी आडवे न ठेवता किंचित वर उचललेले असले, तर विमान डगमगल्यावर पुन्हा सावरते. मात्र एका वेळी एकच बदल करावा. दोन बदल एकदम केले, तर कोणत्या बदलाचा गुण आला ते कळत नाही.

ही रीत केवळ खेळातली नव्हे. ऑर्व्हिल आणि विल्बर राइट हे बंधू लहान असताना, 1878 साली, त्यांच्या वडिलांनी त्यांना बूच, बांबू व कागद यांचे एक उडते खेळणे आणून दिले होते. ते रबराच्या पिळावर चाले. मोठेपणी त्यांनी यंत्र नसलेली, हवेत घसरत जाणारी विमाने केली. 1901 सालच्या विमानाने त्यांची घोर निराशा केली. परंतु ते रडत बसले नाहीत. त्यांनी एका लांब पेटीत पंख्याचा वारा सोडून पंखांचे सुमारे दोनशे आकार तपासले. त्यानंतर 1902 साली त्यांचे विमान नीट तरंगले आणि 17 डिसेंबर 1903 रोजी त्यांचे यंत्राचे विमान 12 सेकंद उडाले. ते जेमतेम 120 फूट गेले. आज केवळ कागदाची विमानेही याहून दूर जातात. 2022 साली अमेरिकेत एका कागदी विमानाने 88 मीटरांहून अधिक अंतर कापल्याची नोंद झाली. पडलेले विमान उचलून "पुन्हा करू" असे म्हणणाऱ्या मुलाला ही हकीकत अवश्य सांगा.

सर्वांची विमाने बरी उडू लागली म्हणजे खेळाला रंग भरा. पहिला-दुसरा असे क्रमांक मात्र काढू नका. एक जिंकला की एकोणीस जण हरतात, आणि या वयात हरणे फार जड जाते. त्याऐवजी झाडाच्या फांदीला सायकलचे जुने टायर टांगून त्यातून विमान नेण्याचा खेळ घ्यावा. नाही तर जमिनीवर रांगोळीने लहान-मोठी रिंगणे काढून त्यांना गावांची नावे द्यावीत. सर्वांत जवळचे आपले गाव. त्यापुढे बीड, मग बार्शी, पंढरपूर, सांगली आणि शेवटी कोल्हापूर. मुलांचा हात पोचेल इतक्याच अंतरावर ही रिंगणे असावीत. "माझे विमान पंढरपूरला गेले!" "माझे सांगलीला उतरले!" असा एकच गलका होईल.

आणि मग एखादे मूल तुमचा सदरा ओढून विचारील, "दादा, माझी आई सांगलीला आहे. हे विमान तिच्याकडे जाईल का?"

या प्रश्नाची तयारी तुम्ही घरूनच करून जावी. "हो, जाईल," असे सांगणे सोपे आहे. पण ते खोटे आहे. मूल उद्या भिंतीपलीकडे विमान सोडील आणि उत्तराची वाट पाहील. "नाही, जाणार नाही," एवढेच सांगून गप्प बसणेही बरे नव्हे. त्याला जवळ घ्या आणि सांगा, "उडून जाणार नाही रे. फार लांब आहे. पण आपण ते पाठवू." मग त्याचे विमान हळूच उलगडा. आतल्या कोऱ्या बाजूवर त्याला हवे ते चित्र काढू द्या: घर, शेळी, आजी, तो स्वतः. घड्या तशाच ठेवून कागद पुन्हा मिटा. टोळीकडे कोणी जाणार असेल तर त्याच्या हाती, नाही तर पाकिटात घालून टपालाने तो पाठवा. पत्ता गुरुजींना किंवा घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहा. फोनवर आईचा आवाज ऐकू येतो. पण लेकराने स्वतः केलेली वस्तू हातात धरता येते ती अशीच. जे. आर. डी. टाटा यांनी 15 ऑक्टोबर 1932 रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू येथे विमान आणले, तेव्हा त्या लहानशा विमानात प्रवासी नव्हते, टपाल होते. आपल्या देशातील विमानवाहतुकीची ती सुरुवात लोकांची पत्रे पोचवण्यापासूनच झाली. तेव्हा तुमच्या या कागदी विमानानेही एक पत्र पोचवले, तर ते आपल्या कुळाला साजेसेच होईल.

हा सारा कार्यक्रम पाऊण तासात संपवावा. पाच मिनिटे दाखवण्यास, पंधरा मिनिटे घड्यांस, वीस मिनिटे उडवण्यास आणि उरलेली आवराआवरीस. मुले कंटाळण्यापूर्वी थांबणे हे चांगल्या तासाचे लक्षण आहे. अंगणात एकही कपटा राहू देऊ नका. प्रत्येक मूल आपले विमान घेऊन घरी जाईल असे पाहा. कोणाचे फाटले असेल, तर जादा कागद देऊन त्याच्याकडूनच नवे करून घ्या.

दुसऱ्या दिवशी तुम्ही त्या वाटेने गेलात, तर एखादी गोष्ट तुमच्या दृष्टीस पडेल. काल ज्याची घडी वाकडी होत होती तोच मुलगा ओट्यावर बसून आपल्या आजीला सांगत असेल, "अगं, असं नाही. आधी छप्पर घालायचं. मग चोच." आणि आजी आपल्या सुरकुतलेल्या बोटांनी कागदाची घडी दाबत असेल. त्याने आजीच्या हातातला कागद ओढून घेतलेला नसेल, तर तुमचा तास उत्तम झाला, असे समजा.